ऑटोमॅटिक गाडी आणि तिचा गिअरबॉक्स : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑटोमॅटिक गाड्यांवर अर्धं पान लिहिलं आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बहुतेकांची शंका एकच, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स नाजूक असतो म्हणतात, एकदा गेला की मोठा फटका, मग घ्यायची का नाही. याला सरसकट हो-नाही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे एकाच पाटीखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि दोन पुली. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुना, ऑइलच्या दाबावर चालणारा प्रकार. आणि चौथा ड्युअल क्लच, दोन क्लच आळीपाळीने चालवणारा, कोणी त्याला डीसीटी म्हणतं, कोणी डीएसजी. चौघांची दुखणी वेगळी, औषधं वेगळी. निम्म्या पत्रांत 'माझी गाडी ऑटोमॅटिक आहे' एवढंच लिहिलंय, तेव्हा पुढच्या वेळी कोणता प्रकार ते जरूर कळवा, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं.

प्रश्न (वाकड, पुणे) : माझी छोटी हॅचबॅक आहे, एएमटी, ४२ हजार चाललीय. रोज हिंजवडीला जाते. संध्याकाळी परतताना गाडी रांगत असते तेव्हा जळका वास यायचा, मी दुर्लक्ष केलं. आता चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उचलत नाही. सर्व्हिसवाले म्हणतात क्लच प्लेट गेली, वॉरंटीत बसत नाही. क्लचचं पेडलच नाही तर मी क्लच जाळला कसा?

उत्तर : ताई, पेडल नाही पण क्लच आहे, आणि तोच आहे जो मॅन्युअल गाडीत असतो, सुकी एक प्लेट. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली ती मॅग्नेटी मारेलीचं किट वापरून, आणि नंतर बऱ्याच कंपन्यांनी हाच मार्ग धरला कारण स्वस्त पडतो आणि मायलेज मॅन्युअलइतकं मिळतं. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटा पंप, व्हॉल्व्ह आणि ॲक्च्युएटर बसवलेला असतो, तुमचा डावा पाय करायचा ते काम तो करतो. पण त्याला पुढचं दिसत नाही ना. मॅन्युअलवाला माणूस पुढची गाडी दहा फूट सरकली तरी जागेवरच थांबतो, तीस फूट झाली की एकदाच निघतो. एएमटीत आपण ब्रेक थोडा सोडला की गाडी रांगायला लागते, म्हणजे क्लच अर्धवट लागलेला, प्लेट घासतेय, तापतेय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हे तासभर चालतं. त्यात चढावर किंवा फ्लायओव्हरच्या तोंडाशी बरेच जण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी रोखून धरतात, तिथे तर प्लेट अक्षरशः मिनिटांत जळते. वास येतो तो त्याचाच. वास आला की गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यायची, तो वास म्हणजे शेवटची सूचना असते.

नवीन क्लच बसवून घ्या, दुसरा उपाय नाही. पण एक गोष्ट मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. क्लच बदलल्यावर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून गिअरबॉक्सला नवा क्लच 'शिकवावा' लागतो, तो कुठे पकडतो कुठे सोडतो ते. बाहेरच्या गॅरेजमध्ये क्लच चांगला बसवतात, मेहनतही घेतात, पण ही पायरी राहते आणि मग गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के मारते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं गिअरबॉक्सच बिघडला.

पुढे चालवताना पुढच्या गाडीत आणि तुमच्यात अंतर पडू द्या, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढून निघा. फार हळू ट्रॅफिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर ठेवा, म्हणजे सारखं एक-दोन-एक होत नाही. लांब सिग्नलला न्यूट्रल. आणि गिअर बदलताना पुढे जो झोल येतो तो एएमटीचा स्वभाव आहे, बिघाड नाही, बदलायच्या वेळी पाय किंचित उचललात की निम्मा कमी होतो.

प्रश्न (कोल्हापूर) : मी निवृत्त शिक्षक. मुलाने सीव्हीटी गाडी घेऊन दिली. आंबा घाट चढताना पाय दाबला की इंजिन एकदम चार हजारावर जातं, आवाज मोठा येतो आणि गाडी मागाहून वेग घेते. शेजारी म्हणतात पट्टा स्लिप होतोय, विकून टाका.

उत्तर : सर, विकायची घाई अजिबात नको. तुम्ही लिहिलंय ते सीव्हीटीचं चांगलं चालल्याचं लक्षण आहे. यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुली रुंद-अरुंद होत राहतात आणि मधला पट्टा वर-खाली सरकतो. तुम्ही ताकद मागितली की तो आधी इंजिनाला जास्त ताकदीच्या आरपीएमवर नेतो आणि मग पुलीचं प्रमाण बदलत गाडीचा वेग वाढवतो, त्यामुळे आवाज आधी, पळणं नंतर. ही कल्पना काही कालची नाही, हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली दाखवलेल्या छोट्या गाडीत असाच पट्टा होता, तेव्हा रबराचा. आता तो स्टीलचा असतो, शेकडो पातळ चकत्या पट्टीवर ओवलेल्या.

खरा पट्टा घसरत असेल तर वेगळं दिसतं. सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललाय आणि आरपीएमचा काटा उगाच वर-खाली होतोय, वीस-तीसच्या वेगाला गाडी थरथरतेय, गुणगुण असा आवाज दर महिन्याला वाढतोय, तर दाखवा. लांब घाटात ऐन उन्हाळ्यात, गाडी भरलेली, अशा वेळी गिअरबॉक्स तापून स्वतःच ताकद कमी करतो, तेव्हा थांबून पंधरा-वीस मिनिटं विश्रांती द्यायची.

सीव्हीटीचं नाव खराब झालं ते बरंचसं अमेरिकेत. निसानला तिथे २००३ ते २०१० मॉडेलच्या गाड्यांच्या सीव्हीटीची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल करावी लागली होती. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं. पण म्हणून प्रत्येक सीव्हीटी तशी नाही. तुम्हाला सांभाळायचंय ते ऑइल. सीव्हीटीचं ऑइल वेगळं असतं, पट्टा आणि पुली धातूवर धातू पकडून चालतात, ती पकड त्या ऑइलमुळे राहते. साधं लाल ऑटोमॅटिकचं ऑइल कोणी ओतलं तर पट्टा खरंच घसरेल. पुस्तकात ज्या नावाचं लिहिलंय तेच घाला, होंडाचं होंडात, निसानचं निसानमध्ये. आणि चिखलात चाक फिरत राहिलं तर पाय दाबत बसू नका, फिरणारं चाक अचानक पकडतं तेव्हा तो झटका थेट पट्ट्यावर येतो.

तुमच्या पत्रात शेवटी हायब्रिडबद्दल विचारलंय. टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं पण आत पट्टा नाही, गिअरचा एक संच आणि दोन मोटरी. त्याची या सगळ्याशी तुलना करू नका, फार टिकाऊ चीज आहे ती.

प्रश्न (डोंबिवली) : टॉर्क कन्व्हर्टरवाली मोठी गाडी, ९५ हजार झाली, सगळी सर्व्हिस वेळेवर. सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो गिअरबॉक्स ऑइल लाइफटाइम आहे, हात लावायची गरज नाही. माझा ओळखीचा मेकॅनिक म्हणतो मशीन लावून फ्लश करू. तिसरा म्हणतो एवढं चालल्यावर ऑइल बदललं तर गिअरबॉक्स जातोच, राहू द्या. हल्ली दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलकासा झटका येतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : पहिल्याचं अजिबात नको, दुसऱ्याचं अर्धं, आणि तिसरा सांगतो ते कधी खरं ठरतं ते समजून घ्या.

ऑइलच्या दाबावर आपोआप गिअर टाकणारं यंत्र जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक नावाने दिलं, म्हणजे ऐंशीच्या वर वर्षं हा प्रकार सुधारत आलाय आणि माझ्या मते चारांतला सर्वांत सोशिक हाच आहे. टॅक्सीला लावलेल्या गाड्या दोन-अडीच लाख किलोमीटर ओढतात. पण यात ऑइल म्हणजे नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद ऑइलमधूनच पुढे जाते, गिअर पकडणारे आतले क्लच ऑइलच्या दाबाने दाबले जातात, आणि उष्णता बाहेर नेण्याचं कामही त्याचंच. नव्वद-शंभर डिग्रीला वर्षानुवर्षं तापलं की ते पातळ होतं, त्यातली रसायनं संपतात, क्लचची बारीक भुकटी त्यात मिसळते, आणि ती भुकटी व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठल्या गिअरकडे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या वाटांमध्ये जाऊन बसते. मग गिअर उशिरा लागतो, झटका येतो. तुमचा दोन-तीनचा झटका बहुधा इथलाच.

लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ, हे ॲडव्हायझरला विचारा. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूपासून कितीतरी गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते. गाडी कंपन्या लाइफटाइम म्हणत असताना खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा ८ वर्षांनी, ऑइल बदला असं सांगते. आपल्याकडचा उन्हाळा, ट्रॅफिक आणि घाट धरले तर मी ६० हजाराला बदला म्हणेन, आणि रोज ठाणे-मुंबई असेल तर त्याच्याही आधी.

आता फ्लश. मशीन दाबाने जुनं ऑइल ढकलून बाहेर काढतं, आणि वर्षानुवर्षं तळाशी बसलेली घाण सुटून नेमकी व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकू शकते. ९५ हजारापर्यंत कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला मी फ्लश करणार नाही. साधं खालून सोडायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. एका वेळी निम्मंच निघतं, कारण उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून दोन-तीन हजार किलोमीटर चालवून पुन्हा एकदा, आणि जमलं तर तिसऱ्यांदा. फिल्टर बदलता येण्यासारखा असेल तर पहिल्या वेळीच चेंबर, म्हणजे खालची ऑइलची परात, उतरवून बदला.

ऑइल सोडताना तुम्ही तिथे हजर राहा. पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब टाका आणि दोन-चार मिनिटं बघा. लालसर, कडेने पसरत गेलेला, आरपार दिसणारा डाग पडला तर उत्तम. तपकिरी झाला, पण पसरतोय, तर उशीर झालाय पण काही बिघडलेलं नाही. काळा, मधेच गोळा होऊन बसलेला, आणि जळलेल्या भज्याच्या तेलासारखा वास, तर आतले क्लच जळायला लागलेत. चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतात, त्यांच्यावर राखाडी मऊ चिखल सापडेल, तो बोटावर घेऊन चोळा, नुसता गुळगुळीत लागला तर नेहमीची झीज आहे, टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे दिसले तर तो गिअरबॉक्स उघडायलाच हवा.

आणि इथेच तिसऱ्याचं म्हणणं कुठून आलं ते कळतं. क्लच आधीच जळालेले असतात, गाडी कशीबशी त्या भुकटीवाल्या ऑइलवर पकडत असते, लोक शेवटी ऑइल बदलतात आणि आठवड्यात गाडी पुढे जाईना होते. मग खापर ऑइलवर. गिअरबॉक्स आधीच गेलेला होता, फक्त उघडा पडला. तुमच्या गाडीला फक्त हलका झटका आहे, इंजिन ओढतंय आणि गाडी जात नाही असं नाही, म्हणून मला वाटतं तुम्ही अजून वेळेत आहात.

भरताना एक काळजी घ्या. आजकाल बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी लेव्हलवर, इंजिन चालू, ऑइल ठरावीक तापमानाला, साधारण चाळीस डिग्रीच्या आसपास, तेव्हा लेव्हलचा बोल्ट उघडून बारीक धार येते का बघायचं. तापमान स्कॅनरवर दिसतं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका, कमी पडलं तर क्लच घसरतात आणि जास्त झालं तर फेस होतो.

प्रश्न (मेलबर्न) : इथे शिकायला आलोय, जुनी गाडी शोधतोय. २०१३ ची फोर्ड फोकस ऑटोमॅटिक फारच स्वस्त मिळतेय, रंगरूप छान. मित्र म्हणतो हात लावू नको. एवढं काय आहे त्यात?

उत्तर : मित्राचं ऐक. त्या काळातल्या पेट्रोल फोकस आणि फिएस्टाला पॉवरशिफ्ट नावाचा सुक्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या, क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता, तो निघताना थरथरायचा, ऑइल सील गळून क्लचवर ऑइल यायचं, आणि त्याचा कंट्रोल मॉड्यूलही बंद पडायचा. तू आहेस तिथेच, म्हणजे ऑस्ट्रेलियात, फेडरल कोर्टाने २०१८ साली फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना नीट वागवलं नाही म्हणून, बऱ्याच जणांना तर तुमच्याच चालवण्यात दोष आहे असं सांगितलं होतं. अमेरिकेतही मोठा सामूहिक दावा झाला. स्वस्त मिळतेय त्याचं कारण हेच. मॅन्युअल फोकस मिळाली तर बघ, गाडी म्हणून ती छान आहे.

आपल्याकडच्या जुन्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकलाही ड्युअल क्लचच होता, २०१७ च्या नव्या मॉडेलपासून तिथे टॉर्क कन्व्हर्टर आला. सेकंडहँड बघणाऱ्यांनी साल तपासा.

प्रश्न (नाशिक) : मग जुनी डीएसजी किंवा डीसीटी घेऊच नये का? चालवायला फार मजा येते.

उत्तर : मजा येते हे खरंच आहे, गिअर इतक्या झटकन दुसरं काही बदलत नाही. घ्या, पण आधी विचारा क्लच सुका का ओला. ओला म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेले, ते ट्रॅफिकची उष्णता जास्त सहन करतात, टाटाने अल्ट्रोझला दिलेला ड्युअल क्लच ओला आहे. सुका हलका आणि मायलेजला बरा, पण थांबा-चाला-थांबा त्याला सोसत नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या ज्या सात गिअरच्या सुक्या डीएसजीवर आपल्याकडे इतकी चर्चा होते, त्यासाठी कंपनीने २०१३ मध्ये एकट्या चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या, आणि नंतर जगभर लाखो गाड्यांचं आतलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल घातलं, कारण उष्ण-दमट हवा आणि सततचं ट्रॅफिक यात इलेक्ट्रिकचा बिघाड होत होता. उष्ण, दमट आणि ट्रॅफिक, हे वर्णन मुंबईचंच झालं. नंतरच्या सालांच्या गाड्या बऱ्याच सुधारल्यात, पण जुन्या गाडीचं ते काम झालंय का याचा कागद मागा.

बघायला जाताना मालकाला सांगा गाडी आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर डी आणि आर टाकून बघा, एक सेकंदाच्या आत पकडली पाहिजे. मग अर्धा तास गर्दीतून चालवा, गाडी तापल्यावर अगदी हळू निघताना थरथर येते का बघा, चढावर रिव्हर्स घेऊन बघा. सुक्या क्लचचं दुखणं गरम झाल्यावरच बाहेर येतं, सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून काही कळत नाही.

प्रश्न (फोंडा, गोवा) : पावसात रस्त्यावर पाणी साचलं, गाडी अर्धा तास दारापर्यंत पाण्यात उभी होती, बंद होती. नंतर सुरू झाली, चालतेय. काही करावं का?

उत्तर : चालवायची आजच थांबवा. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक छोटी नळी असते, गरम गिअरबॉक्स पाण्यात थंड झाला की त्या नळीतून पाणी आत ओढतो. ऑइल काढून बघा, दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी गेलंय, आणि आतल्या क्लचचं अस्तर पाण्याने सुटतं. लगेच दोन-तीनदा बदललं तर वाचतो, महिनाभर चालवला तर नाही. पूर आला नसताना असं गुलाबी दूध दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटलाय असं समजा. गॅरेजला नेताना टोचन करू नका, ओढणारी चाकं जमिनीवर फिरली की आतला पंप बंद असतो आणि गिअर कोरडे घासतात, गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक बोलवा. विम्यात इंजिन-गिअरबॉक्सचं पाण्याचं कव्हर घेतलंय का तेही बघा.

प्रश्न (सातारा) : खंबाटकी उतरताना न्यूट्रल केलं तर ऑटोमॅटिकला चालतं का? पेट्रोल वाचतं म्हणतात.

उत्तर : नाही, कधीही नाही. आजच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर पाय उचलला की पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत नाही, वर सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापून जातात. एल, एस किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या, इंजिन गाडी धरून ठेवतं. पार्किंगलाही तसंच, उतारावर आधी ब्रेक दाबून हँडब्रेक, मग पी. पीमध्ये गाडी एका छोट्या खुंटीवर अडते, सगळं वजन तिच्यावर टाकलं की सकाळी काढताना 'खट्' करून आवाज येतो तो तिचाच.

प्रश्न (नागपूर) : एएमटी गाडी, तीन वर्षांची. सकाळी डी टाकला की एन लुकलुकतो, गाडी गिअरमध्ये जात नाही. बंद करून दोनदा चालू केली की चालते. गॅरेजवाला म्हणतो ॲक्च्युएटर बदला, बराच खर्च आहे.

उत्तर : ॲक्च्युएटरला हात लावायच्या आधी बॅटरी तपासा. एएमटीचा पंप बॅटरीवर चालतो, तीन वर्षांची बॅटरी रात्रभरात उतरली की सकाळी त्याला दाब तयार करता येत नाही. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मीटर लावा, साडेबारा व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना दहाच्या फार खाली घसरत असेल तर बॅटरी संपली. मग ब्रेक दाबून मागचे दिवे दर वेळी लागतात का ते कोणाला तरी बघायला सांगा, कारण ब्रेकचा स्विच खराब असेल तर गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही आणि ती गिअर टाकू देत नाही, तो स्विच काही शे रुपयांचा असतो. त्यानंतर गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थची वायर, आणि ॲक्च्युएटरच्या छोट्या टाकीतलं ऑइल. हे सगळं ठीक निघालं आणि तरी सकाळी एन लुकलुकला, तर स्कॅनरवर कोणता कोड येतो तो लिहून पाठवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.